व्हॅम्पायर डिटेक्टिव्ह : पडद्यावरून पानावर

३० नोव्हेंबर १९९९ रोजी अमेरिकेत डब्ल्यूबी वाहिनीवर ‘एंजल’ मालिकेचा नववा भाग दाखवला गेला आणि त्या भागात डॉइल मेला. लॉस एंजेलिसमध्ये खासगी डिटेक्टिव्ह म्हणून काम करणाऱ्या एंजल या व्हॅम्पायरचा हा साथीदार. अर्धा माणूस, अर्धा राक्षस, आणि कायम कुणाचे तरी पैसे देणं लागणारा. संकटात सापडलेल्या माणसांची दृश्यं त्याच्या डोळ्यांपुढे अचानक उभी राहत आणि त्यावरून एंजलला पुढचं काम मिळे. मरताना त्याने ही देणगी एंजलची दुसरी साथीदार कॉर्डेलिया हिच्या हवाली केली, पुढच्या भागात वेस्ली हा नवा साथीदार आला आणि मालिका पुढे निघून गेली. पुस्तकांच्या दुकानात मात्र डॉइल धडधाकट होता. २००० साली या मालिकेवरच्या ज्या कादंबऱ्या एकामागून एक निघाल्या, त्यांत तो पूर्वीसारखाच कपाळ दाबून दृश्यं पाहत होता, एंजलला कामाला लावत होता, कॉर्डेलियाच्या शिव्या खात होता.

कारण समजण्यासारखं आहे. कादंबरीचा आराखडा मंजूर व्हायचा, ती लिहून व्हायची, हक्कदार स्टुडिओकडून तपासून यायची, छापून बाजारात यायची. तोवर मालिका कितीतरी पुढे गेलेली असायची. पण मला ही गोष्ट निव्वळ वेळापत्रकाची वाटत नाही. पडद्यावरच्या कथेची आणि तिच्यावर बेतलेल्या कादंबरीची खरी ओढाताण यात दिसते. मालिकेला माणसं बदलायची मुभा असते, मारायची मुभा असते. कादंबरीला ती नसते. अशी टाय-इन कादंबरी लिहिणाऱ्याने पात्रं जिथून उचलली, तिथेच शेवटच्या पानावर आणून ठेवायची असतात. हे भाड्याच्या घरात राहण्यासारखं आहे: सामान लावा, पाहुणे बोलवा, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

अशा अटींवर चांगलं लिहिता येतं का, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझं उत्तर ‘येतं’ असं आहे, आणि व्हॅम्पायर डिटेक्टिव्हच्या बाबतीत तर इतर कुठल्याही नायकापेक्षा जास्त चांगलं येतं. त्याचं कारण त्या नायकाच्या घडणीतच आहे.

आधी व्यवहार बघू, कारण त्यावाचून या पुस्तकांना न्याय देता येत नाही. अशा कादंबरीचा मालक लेखक नसतो. ‘एंजल’च्या पुस्तकांच्या हक्कपानावर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचं नाव असतं. लेखकाला ठरावीक रक्कम मिळते, रॉयल्टी असलीच तर सहसा नाममात्र. आधी आराखडा द्यायचा, तो प्रकाशकाने आणि स्टुडिओने तपासायचा, मग हस्तलिखित पुन्हा तपासायचं. अमुक पात्राच्या आईबद्दल लिहू नका, कारण पुढच्या वर्षी मालिकेत ती येणार आहे. तमुक नात्याला हात लावू नका. कारण सांगितलं जाईलच असंही नाही. हे सगळं मान्य करून काही आठवड्यांत अडीचशे-तीनशे पानं लिहून द्यायची. अमेरिकेत या कामाला इतकी वर्षं हलक्या नजरेने पाहिलं गेलं, की शेवटी हे काम करणाऱ्यांनीच आपली संघटना काढली. मॅक्स अॅलन कॉलिन्स आणि ली गोल्डबर्ग हे तिचे संस्थापक, आणि २००७ पासून ही संघटना ‘स्क्राइब’ पुरस्कार देते. गुन्हेकथेत नाव कमावलेली ही माणसं. आपल्या या कामाची त्यांना लाज वाटत नव्हती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

व्हॅम्पायर आणि मालिकेवरची कादंबरी यांची गाठ मात्र ‘एंजल’च्या खूप आधीची आहे. १९६६ ते १९७१ या काळात एबीसी वाहिनीवर दुपारी ‘डार्क शॅडोज’ चालायची; एकूण १,२२५ भाग. तिच्यावर ‘मॅरिलिन रॉस’ या नावाने ३२ कादंबऱ्या निघाल्या. लेखक होते कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचे डॅन रॉस. मॅरिलिन हे त्यांच्या पत्नीचं नाव. आयुष्यात त्यांनी तीनशेहून अधिक पुस्तकं लिहिली. या ३२ कादंबऱ्यांतल्या पहिल्या पाचांत व्हॅम्पायर नाहीच, कारण बार्नबस कॉलिन्स हा व्हॅम्पायर मालिकेत १९६७ साली उगवला; पुस्तकांत तो सहाव्या कादंबरीत येतो. पुढे रॉस यांनी मालिकेच्या घटनाक्रमाची फारशी पर्वा केली नाही. रोज चालणाऱ्या मालिकेचा पाठलाग करणं कुणालाही अशक्य होतं, म्हणून त्यांनी तीच माणसं, तोच वाडा घेऊन स्वतःची समांतर कथा चालवली. बार्नबस डिटेक्टिव्ह नव्हता. पण या पुस्तकांतून एक गोष्ट सिद्ध झाली: व्हॅम्पायर हे पात्र एकामागून एक कादंबऱ्यांचं ओझं सहज पेलतं. तो म्हातारा होत नाही. त्याच्या मागे दोन शतकं पडलेली असतात आणि त्यातलं कुठलंही वर्ष उघडून बसता येतं.

डिटेक्टिव्हच्या पेशातला व्हॅम्पायर दूरचित्रवाणीवर खऱ्या अर्थाने रुजला तो ‘फॉरएव्हर नाइट’मध्ये. १९८९ साली ‘निक नाइट’ नावाचा एक दूरचित्रपट झाला, त्यात रिक स्प्रिंगफिल्ड होता. १९९२ साली त्याची मालिका झाली, नायक झाला गेरेंट विन डेव्हिस, गाव झालं टोरोंटो. शेकडो वर्षांचा एक व्हॅम्पायर पोलिसांच्या खून-तपास विभागात रात्रपाळी करतो, माणसाचं रक्त सोडलंय, पुन्हा माणूस व्हायचंय. प्रत्येक भागात आजचा गुन्हा आणि त्याच्याशी सूर जुळणारी भूतकाळातली एखादी आठवण. तीन मोसम, सत्तर भाग. १९९६ साली मालिका संपली ती अशा शेवटाने, की तिच्यावर प्रेम करणारे लोक हादरले. पात्रांचे मृत्यू, आणि निक आपल्या निर्मात्याकडे, लाक्रॉयकडे, स्वतःचा अंत मागतो.

तीन कादंबऱ्या आल्या त्या यानंतर. सुझन साइझमोर यांची ‘अ स्टरिंग ऑफ डस्ट’ आणि सुझन गॅरेट यांची ‘इंटिमेशन्स ऑफ मॉर्टॅलिटी’ या त्यातल्या दोन, दोन्ही १९९७ च्या. म्हणजे ‘एंजल’च्या नेमकं उलट घडलं. तिथे मालिका पुढे पळत होती आणि पुस्तकं मागे पडत होती. इथे मालिका संपल्यावर पुस्तकं आली आणि ती शेवटच्या भागाच्या अलीकडे जाऊन बसली. ज्या वाचकांना तो शेवट सहन झाला नव्हता, त्यांना निक पुन्हा रात्रपाळीला जाताना भेटला. गॅरेट तर मालिकेच्या चाहत्यांमधूनच आलेल्या. हौसेने लिहिता लिहिता अधिकृत कादंबरीपर्यंत पोचलेल्या. या पुस्तकांचं मोल मी साहित्यगुणांपेक्षा या कामात जास्त मानतो. वाचकाच्या शोकाला जागा देणं हेही कथेचं काम आहे, आणि ते कमी प्रतीचं नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. ‘एंजल’ ही ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’मधून निघालेली मालिका. जॉस व्हीडन आणि डेव्हिड ग्रीनवॉल्ट यांची निर्मिती, डेव्हिड बोरिआनाझ नायक. ५ ऑक्टोबर १९९९ ते १९ मे २००४, पाच मोसम, ११० भाग. अठराव्या शतकात आयर्लंडमधल्या गॉलवेत जन्मलेला एक उनाड तरुण व्हॅम्पायर होतो, दीडशे वर्षं अमानुष अत्याचार करतो, मग एका शापाने त्याचा आत्मा त्याला परत मिळतो आणि केलेलं सगळं आठवत राहतं. असा हा माणूस लॉस एंजेलिसमध्ये डिटेक्टिव्हचं कार्यालय थाटतो. रेमंड चॅन्डलरने ज्या शहरात आपला फिलिप मार्लो फिरवला, तेच हे शहर. तिथल्या एकट्या, थकलेल्या, तत्त्वाला धरून राहणाऱ्या खासगी डिटेक्टिव्हची सगळी परंपरा या पात्राच्या पाठीशी आहे.

या मालिकेवर २५ च्या आसपास कादंबऱ्या निघाल्या, त्यांत ‘बफी’बरोबरच्या संयुक्त कादंबऱ्या वेगळ्या. सगळ्या सायमन अँड शुस्टरच्या घरातल्या, आधी पॉकेट बुक्सच्या नावाने. पहिली ‘सिटी ऑफ’ १९९९ च्या अखेरीस आली, नॅन्सी होल्डर यांची; मालिकेच्या पहिल्याच भागाचं ते कादंबरीरूप. होल्डर या भयकथेतल्या प्रस्थापित लेखिका, ‘डेड इन द वॉटर’साठी ब्रॅम स्टोकर पुरस्कार मिळवलेल्या. जेफ मॅरिऑट यांनी या मालिकेवर सर्वांत जास्त लिहिलं: ‘क्लोज टू द ग्राउंड’, ‘हॉलिवुड नॉयर’, ‘हॉन्टेड’, ‘स्ट्रेंजर टू द सन’, ‘सँक्चुअरी’, ‘सॉलिटरी मॅन’, ‘लव्ह अँड डेथ’. सॅन डिएगोतल्या ‘मिस्टीरियस गॅलक्सी’ या विज्ञानकथा-रहस्यकथांच्या पुस्तकदुकानाचे ते एक भागीदार होते. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात पुस्तक देताना त्याचा चेहरा पाहिलेला माणूस. त्यांच्या लेखनात वाचकाचा वेळ वाया न घालवण्याची जी शिस्त दिसते, तिचं मूळ मला तिथे वाटतं. याखेरीज मेल ओडम, डॉन डीब्रँट, जॉन पॅसारेला, टॉमस स्निगोस्की, डोरॅना डर्जिन, कॅमेरॉन डोकी अशी बरीच नावं.

पंचेचाळीस मिनिटांच्या भागाला जे सहज जमतं, ते कादंबरीला जड जातं. आणि त्याच ठिकाणी या कादंबऱ्यांचं बळ आहे. एक उदाहरण घ्या. एंजलला उन्हात जाता येत नाही, आणि बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. पडद्यावर दृश्य बदललं की रात्र झालेली असते. लेखकाला ती सोय नाही. त्याला तास मोजावे लागतात: सूर्य किती वाजता मावळला, साक्षीदार कुठे राहतो, फ्रीवेवर किती वेळ जाईल, उजाडायला किती उरलं. दिवसा जायचंच असेल तर गटारांच्या भुयारांतून कुठवर पोचता येईल. आणि पोचल्यावर दारात उभं राहून, आतल्या माणसाने ‘या’ म्हणेपर्यंत थांबायचं. चौकशीला आलेला डिटेक्टिव्ह उंबऱ्याबाहेर अडलाय आणि आतल्या बाईला त्याच्या थांबण्याचा संशय येऊ लागलाय, असा प्रसंग सावकाश लिहिला तर त्यातून तपासकथेचा सगळा ताण उभा राहतो. पुरावे गोळा करणाऱ्या माणसाला आरशात स्वतःचं रूप दिसत नाही, समोरच्याच्या छातीचे ठोके मात्र ऐकू येतात, कालच्या रक्ताचा वास येतो. हे कॅमेऱ्याला दाखवता येत नाही, वाक्याला येतं. ज्या लेखकांनी हे ओळखलं, त्यांची पुस्तकं उभी राहिली. ज्यांनी पडद्यावरचा एखादा भाग लांबवून लिहिला, त्यांची पडली. आणि पडलेलीच संख्येने जास्त आहेत, हे सांगायला हवं. पानापानावर हाणामारी, मध्ये कॉर्डेलियाचे टोमणे, शेवटी एक मोठा राक्षस. अशा साच्यातून निघालेली पुस्तकं वाचून झाल्यावर कुठलं कुठलं होतं हे आठवत नाही.

मेल ओडम यांच्या ‘रिडेम्प्शन’ची कल्पना मात्र डोक्यातून जात नाही. व्हिटनी टायलर नावाची एक नटी दूरचित्रवाणीवरच्या एका लोकप्रिय मालिकेत व्हॅम्पायरचं काम करते. काही लोक ती खरोखरच व्हॅम्पायर आहे असं धरून तिच्या जिवावर उठतात. तिला वाचवायचं काम येतं खऱ्या व्हॅम्पायरकडे, आणि तिचा चेहरा त्याला आपल्या जुन्या पापांतल्या एका चेहऱ्याची आठवण करून देतो. व्हॅम्पायरच्या मालिकेवरच्या कादंबरीत व्हॅम्पायरची मालिका. सोंगाला खरं मानणारे मारेकरी आणि सोंग न घेता माणसांत मिसळून राहिलेला खरा, हे दोन्ही समोरासमोर येतात. लिखाण सगळीकडे सारखं नाही, लढाया फार आहेत. पण ज्या पुस्तकाने आपल्याच अस्तित्वाचा विचार केलाय, त्याला ‘माल’ म्हणून बाजूला टाकता येत नाही.

शहराच्या बाबतीत तर या कादंबऱ्या काही ठिकाणी मालिकेच्या पुढे गेल्या. मालिकेतलं लॉस एंजेलिस म्हणजे बरंचसं कार्यालय, नंतर हायपेरियन हॉटेल, वुल्फ्रम अँड हार्ट ही सैतानी वकिलांची पेढी, कॅरिटास हा गाण्याचा बार आणि रात्रीच्या गल्ल्या. कादंबरीला नेपथ्याचा खर्च नसतो. होल्डर यांची ‘नॉट फरगॉटन’ इंडोनेशियातून आलेल्या स्थलांतरितांच्या वस्तीत शिरते. ओडम यांची ‘ब्रुहा’ मेक्सिकन लोककथेतल्या ला योरोनाला, स्वतःची मुलं बुडवून रडत फिरणाऱ्या बाईला, या शहरात आणते. ज्या शहराचे लाखो रहिवासी ती कथा आजीकडून ऐकत मोठे झाले, तिथे ती कथा येणं रास्तच होतं. डीब्रँट यांची ‘शेकडाउन’ भूकंपाच्या भीतीवर उभी आहे. मॅरिऑट यांच्या ‘हॉलिवुड नॉयर’मध्ये १९६१ सालचा एक खासगी डिटेक्टिव्ह, माइक स्लेड, पुन्हा अवतरतो आणि एंजलच्या शेजारी उभा राहतो: एका पेशातली दोन माणसं, दोन्ही आपापल्या काळातून निसटलेली. पॅसारेला यांच्या ‘अवतार’मध्ये बळी इंटरनेटवरच्या गप्पांतून सापडतात. २००१ सालचं पुस्तक. अनोळखी माणसाशी पडद्यावर बोलण्याची त्या वेळची ताजी धास्ती त्यात जशीच्या तशी राहिली आहे. ‘हॉन्टेड’मध्ये कॉर्डेलिया झपाटलेल्या घरात राहण्याच्या एका रिअॅलिटी शोमध्ये भाग घेते, आणि हे २००२ साली, त्या प्रकाराची लाट नुकती उसळत असताना.

‘एंजल’च्या कादंबऱ्यांतलं माझं सर्वांत आवडतं पुस्तक ‘सॉलिटरी मॅन’. त्यात मिल्ड्रेड फिन्स्टर नावाची एक वृद्ध विधवा आहे. आयुष्यभर रहस्यकथा वाचलेली, आता आपणही डिटेक्टिव्ह व्हावं असं मनापासून वाटणारी. ती एंजलच्या कार्यालयात येते. मालिकेचे लेखक अशा बाईला एखाद्या विनोदी प्रसंगापुरतं वापरून सोडतील. मॅरिऑट तिला कादंबरीभर जागा देतात. आणि इथे या साहित्यप्रकाराची अट, की मुख्य पात्रं बदलायची नाहीत, अडचण राहत नाही. एंजल बदलत नाही, कारण तो मुळात बदलू न शकणारा आहे. त्याच्या शेजारी बसलेल्या या बाईला मात्र वय आहे, मागे गेलेला नवरा आहे, पुढे थोडी वर्षं आहेत. अडीचशे वर्षं तरुण राहिलेल्या पुरुषाच्या शेजारी सत्तरीतली बाई बसवली, की लेखकाला वेळेबद्दल वेगळं भाषण करावं लागत नाही. बाहेरचं, स्वतःचं एक पात्र आणायचं आणि बदलण्याचं सगळं काम त्याच्याकडे द्यायचं, हा या अटींतून काढलेला सर्वांत चांगला मार्ग आहे.

दुसरा मार्ग ‘एनडेंजर्ड स्पीशीज’मध्ये दिसतो. होल्डर आणि मॅरिऑट यांनी मिळून लिहिलेली ही मोठी कादंबरी २००२ साली पुठ्ठाबांधणीत निघाली. चॅझ एस्कोबार हा व्हॅम्पायरांचा शिकारी. त्याची स्वतःची बायको व्हॅम्पायर झालेली. जगातले सगळे व्हॅम्पायर एका फटक्यात नाहीसे करता येतील असा उपाय समोर येतो. सगळे म्हणजे एंजलसुद्धा. आता वाचकाला पक्कं ठाऊक आहे की एंजल मरणार नाही. मालिका चालू आहे. म्हणून ‘तो वाचेल का’ हा प्रश्न या पुस्तकात पहिल्या पानापासून मेलेला आहे. लेखकद्वयीने त्याच्या जागी दुसरा ठेवला: तो हे मान्य करेल का? हजारो निरपराध माणसं वाचणार असतील, तर स्वतःचं नाहीसं होणं त्याने पत्करावं का, आणि त्याच्या वतीने इतरांनी ते ठरवावं का? पुढे काय होणार हे माहीत असतानाही या प्रश्नावर पान उलटावंसं वाटतं. टाय-इन लिहू पाहणाऱ्या कुणीही हे पुस्तक अभ्यासावं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘द लाँगेस्ट नाइट’ हा कथासंग्रह वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या एकेका तासाला एकेक कथा देतो. कल्पना सुरेख, कथा कमीअधिक. ‘मोनोलिथ’मध्ये हॉलिवुड बुलेवार्डवर एक अजस्र शिळा उगवते आणि तिच्यापुढे पात्रं लहान पडतात. ‘लव्ह अँड डेथ’मध्ये रेडिओवरचा एक वक्ता राक्षसांविरुद्ध लोकांना भडकवतो आणि शिकारी शहरात गोळा होतात, मालिका संपली त्याच वर्षी, २००४ मध्ये, आलेलं हे पुस्तक आज वाचताना अधिक खरं वाटतं. ‘अनसीन’ ही होल्डर-मॅरिऑट यांची तीन पुस्तकांची संयुक्त कथा मला पसरट वाटते. क्रिस्टोफर गोल्डन आणि स्निगोस्की यांची ‘मॉन्स्टर आयलंड’ मात्र आवर्जून वाचावी, कारण तिथे डॉइलच्या राक्षस बापाची गाठ पडते. मेलेल्या डॉइलला कादंबरी परत आणू शकत नव्हती. त्याच्या रक्ताचा माणूस आणू शकत होती.

मग ही लाट ओसरली का? माझ्या मते त्याला मालिकेचं यश कारणीभूत आहे. पहिल्या मोसमात ‘एंजल’ बरीचशी सुट्या तपासांची मालिका होती: आज एक गिऱ्हाईक, उद्या दुसरं. अशा दोन तपासांच्या मधल्या फटीत कादंबरी आरामात बसते. दुसऱ्या मोसमापासून एकच मोठी कथा चालू लागली. एंजलला व्हॅम्पायर करणारी डार्ला परतली, एंजलने साथीदारांना काढून टाकलं, मग मूल झालं, ते पळवलं गेलं, वाढून शत्रू म्हणून परतलं. कथा इतकी घट्ट विणली गेली की मध्ये सुई घालायला जागा उरली नाही. काही कादंबऱ्यांना ही गोष्ट अमुक मोसमात, अमुक घटनेच्या आधी घडते असं सांगावं लागे ते त्यामुळेच. मालिका जितकी कादंबरीसारखी झाली, तितकी कादंबरीची गरज कमी झाली. २००४ नंतर कथा पुढे नेण्याचं काम कॉमिक्सकडे गेलं. आयडीडब्ल्यू या प्रकाशनसंस्थेने २००५ पासून एंजलची कॉमिक्स काढली, त्यात सुरुवातीला मॅरिऑटच होते. २००७ साली ‘आफ्टर द फॉल’ आलं आणि त्याला मालिकेचा अधिकृत पुढचा भाग म्हणून मान मिळाला. कादंबऱ्यांना असा मान कधीच मिळाला नव्हता. त्या कथेच्या अधिकृत इतिहासाबाहेरच राहिल्या.

उलट दिशेचा प्रवासही याच आढाव्यात हवा. कॅनडाच्या टान्या हफ यांनी १९९१ साली ‘ब्लड प्राइस’ लिहिली: टोरोंटोतली विकी नेल्सन ही नजर अधू होत चाललेली माजी पोलीस, आता खासगी डिटेक्टिव्ह, आणि हेन्री फिट्झरॉय, आठव्या हेन्रीचा अनौरस मुलगा, साडेचारशे वर्षांचा व्हॅम्पायर, जो पोटासाठी प्रेमकथा लिहितो. पाच कादंबऱ्या झाल्या आणि २००७ साली त्यांवर ‘ब्लड टाइज’ ही मालिका आली. २२ भाग चालली. पण हफ यांचं मला सर्वांत विलक्षण वाटणारं काम त्याच्या आधीचं आहे. २००४ पासून आलेल्या ‘स्मोक’ त्रयीत त्यांनी हेन्रीचा तरुण मित्र टोनी याला व्हँकुव्हरमध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणावर कामाला लावलं, आणि ती मालिका आहे व्हॅम्पायर डिटेक्टिव्हची. चित्रीकरणाची घाई, हट्टी नट, काटकसर करणारा निर्माता, आणि टोनीच्या ओळखीत मात्र खरा व्हॅम्पायर. ही त्रयी कुठल्याही मालिकेवर बेतलेली नाही. तरी व्हॅम्पायर डिटेक्टिव्हच्या मालिका कशा बनतात, त्यांवर लोकांचा जीव का जडतो, हे तिच्याइतकं कुणी सांगितलेलं नाही.

आणि भाडेकरूंचं पुढे काय झालं? स्निगोस्की यांनी २००८ पासून स्वतःची रेमी चॅन्डलर मालिका लिहिली. बॉस्टनमधला खासगी डिटेक्टिव्ह, आडनाव रेमंड चॅन्डलरच्या आठवणीतलं, आणि हा माणूस खरोखरचा देवदूत. डीब्रँट यांनी डी. डी. बॅरंट या नावाने ‘ब्लडहाउंड फाइल्स’ लिहिल्या: व्हॅम्पायर आणि नरलांडग्यांनीच भरलेल्या जगात तपास करणारी एक माणूस-बाई. होल्डर यांनी डेबी विगी यांच्याबरोबर ‘विकेड’ मालिका गाजवली. दुसऱ्याच्या पात्रांवर घोटवलेला हात त्यांनी आपल्या पात्रांसाठी वापरला. इथे खिळे हवे तिथे ठोकता येत होते.

मराठी वाचकाला हे जग परकं वाटायचं कारण नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यात झुंजार आणि काळा पहाड पुन्हापुन्हा आले, वय न वाढता. वाचनालयातून ते पुस्तक आणणाऱ्याला तेच हवं होतं. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली आणि व्हॅम्पायर मराठी मुलखात आणून बसवला. दुसऱ्याच्या कथेत राहूनही स्वतःचं लिहिता येतं, याचा तो आपल्या घरचा दाखला. मालिका आणि कादंबरी यांचं नातं मात्र आपल्याकडे बहुतेक एकाच दिशेने चाललं. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वर मालिका झाली, मालिकेवरून कादंबरी लिहून घेण्याची रीत आपल्या प्रकाशनव्यवहारात मुळाशी गेली नाही. ती जावी असं मला वाटतं. रोज रात्री लाखो घरांत पाहिल्या जाणाऱ्या मराठी मालिकांतली माणसं पडदा बंद झाल्यावर कुठे जातात, हे लिहायला हाताशी लेखक आहेत, वाचकही मिळतील.

‘एंजल’च्या या कादंबऱ्या आज नव्याने छापलेल्या मिळणं कठीण, जुन्या प्रती इंटरनेटवरच्या विक्रेत्यांकडे सापडतात. सगळ्या जमवायच्या भानगडीत पडू नका. मालिका पाहिलेली नसेल तर ‘सॉलिटरी मॅन’पासून सुरुवात करा, तिला मागचं फार ठाऊक असावं लागत नाही. पाहिलेली असेल तर आधी ‘रिडेम्प्शन’, मग ‘एनडेंजर्ड स्पीशीज’. आणि त्यानंतर हफ यांची ‘स्मोक अँड शॅडोज’ घ्या, कारण या चारांत तीच सर्वांत चांगली कादंबरी आहे.